एसी लावला की मुंग्या येतात

३ एप्रिल

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि निवांत बस, पत्र लांबणार आहे. फोन कर म्हणून सांगू नकोस. फोनवर मला एकच आवाज ऐकू येतो, तो माझा.

तुझे आजोबा होते तसेच आहेत. उजवं अंग लुळं ते लुळंच. झटक्यानंतर तोंडात एकच शब्द उरलाय, "नको." चहा पुढे केला की नको, कप काढून घेतला की आणखी मोठ्याने नको. अंघोळ नको, औषध नको, डॉक्टर नको, आणि डॉक्टर जायला निघाला की तेही नको. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला कधी नाही म्हटलं नव्हतं. सगळं साठवून ठेवलं होतं वाटतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाने एसी बसवून दिला. ह्यांच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी चौकट ठोकली आणि तिच्यात तो डबा कोंबला. खिडकी गेली. रस्त्यावरून कोण आलं, कोण गेलं, काही दिसत नाही, नुसता डबा घुमतो. बसवणारा आला तोच घड्याळ बघत. त्याचं लग्न राहिलं होतं की काय कोण जाणे.

तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. गेल्या उन्हाळ्यात हे उकाड्याने बेशुद्ध पडले, तेव्हा डॉक्टरने तुझ्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, खोली गार ठेवा, पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही. तेव्हापासून तुझ्या बापाच्या डोक्यात ते केंद्र बसलंय, अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवतात ते. ह्यांना केंद्रात आणि मला त्याच्या फ्लॅटमध्ये. मी म्हटलं, आम्ही माणसं आहोत की पातेली, एक ह्या फळीवर आणि एक त्या फळीवर? खूप वाजलं. शेवटी ठरलं की हा उन्हाळा एसीवर काढून बघायचा. नीट निघाला तर आम्ही इथेच राहायचं, दोघं. काही बिनसलं, किंवा विजेचं बिल बघून तुझ्या आईने कपाळाला हात लावला, तर केंद्र. मी हो म्हणून बसले.

म्हणून तुला विचारते. गारवा तर हवा आणि बिल तर फुगायला नको, हे कसं साधायचं ते लिहून पाठव. शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं तर त्यांनी अर्धा तास पृथ्वीचं तापमान समजावलं. मला पृथ्वी नको, एक खोली गार करायची आहे.

एसी तसा चांगला आहे. फक्त लावला की मुंग्या येतात. हे तुझ्या बापाला कळवू नकोस. लगेच म्हणेल, बघ, घरच धड नाही.

तुझी,
आजी

१२ एप्रिल

माझ्या तिखट आजीला नमस्कार,

तुझं पत्र हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या शिपायाने सगळ्यांसमोर वाचलं, "भिंगरीला पत्र!" आता इथे सगळे मला भिंगरी म्हणतात. तुझे आभार.

मुंग्यांचं काही घेऊन बसू नकोस. गारव्याला आणि ओलाव्याला येतात. एसीतून पाणी ठिबकत असेल, त्यावर येत असतील. सोबत मुंग्यांचा खडू पाठवतेय, चौकटीभोवती रेघ ओढ. आजोबांच्या खोलीत गोड काही ठेवू नकोस.

आता बिलाचं. आकडा सोळा-अठरावर नेऊन खोली लवकर गार होत नाही, नुसती वीज जाते. सव्वीसवर ठेव आणि जोडीला पंखा मंद सोड. चौकटीच्या कडेने फट असेल तर तिच्यात जुनी फडकी कोंब. दुपारी पडदा ओढ. एसीची पुढची जाळी दर पंधरवड्याला धू, धुळीने भरली की तो नुसता धापा टाकतो. आणि आजोबांचा पलंग एसीच्या अगदी जवळ घे. सगळी खोली गार करण्यापेक्षा एक आजोबा गार केलेले स्वस्त.

बाबांना काही सांगणार नाही. मी तुझ्या बाजूने आहे. तुम्ही दोघं वेगळी राहिलेली मला बघवणार नाही.

तुझी,
भिंगरी (आता इलाज नाही)

२० एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की ह्यांनी "नको नको" करून आम्हाला गप्प केलं. अगं शहाणे, मुंग्या म्हणजे साखरेला लागतात त्या नव्हेत! अंगाला येतात त्या. मांडी घालून बसलं की पायाला येतात तशा. आधी नुसतं एसीचं बटण फिरवताना बोटांना यायच्या. आता ह्यांचं अंग पुसताना पार कोपरापर्यंत सरसरत जातात. एसी बंद केला की जातात. गारव्यानेच होत असणार. माझं रक्त जन्मभर चुलीपुढे शिजलेलं, त्याला हे थंड वारं कुठून मानवायचं?

खडू मात्र वाया घालवला नाही. मास्तरीणबाईंच्या ओट्याला खऱ्या मुंग्या होत्या, तिथे ओढला.

तुझं बाकीचं सगळं केलं. सव्वीसवर ठेवलं, पंखा सोडला, फटीत तुझ्या बापाची शाळेची चड्डी कोंबली. पलंगही सरकवला. पलंग आहे लोखंडी, जुन्या काळचा, जड. मी आणि मास्तरीणबाई दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलो आणि दूधवाल्याकडून सरकवून घेतला. डोक्याकडचा कठडा आता थेट एसीच्या चौकटीला टेकलाय, मध्ये बोट जाणार नाही. वारं सगळं ह्यांच्या अंगावर. मागच्या महिन्याचं बिल आलं, तुझा बाप फोनवर मास्तरीणबाईंना म्हणाला, "आईला सांगा, छान चाललंय." छान! त्याच्या तोंडून हा शब्द मी त्याच्या बारशापासून ऐकला नव्हता.

पलंग सरकवल्यापासून हे मात्र बिघडलेत. सकाळी त्यांना उठवून बसवते, पाय खाली सोडते, गरम पाण्याने पुसते. चांगल्या हाताने कठडा धरा म्हटलं तर झटकन हात काढून घेतात आणि "नको" म्हणून माझ्यावर डोळे वटारतात. एवढी मेहनत करून गारव्यात ठेवलंय, त्याचं हे फळ. जागा बदललेली आवडली नाही, दुसरं काय. खिडकी गेली त्याचाही राग असेल. रोज सकाळी तिथून पेपरवाल्याला हात करायचे.

तुझ्या नोकरीत लोकांचे हातपाय ओढायला शिकवतात ना? मग ह्यांच्या हाताचं काय करायचं ते लिही.

आजी

२८ एप्रिल

आजी,

मी एवढी शिकले आणि तुझ्या मुंग्यांना खडू पाठवला! आमच्याकडे रोज निम्मे पेशंट "मुंग्या येतात" म्हणून येतात, आणि माझ्याच आजीची मुंगी मला ओळखू आली नाही.

आता नीट ऐक. तुझ्या वयाला हातापायाला मुंग्या येणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक तर साखर वाढलेली असेल. नाहीतर आजोबांना रोज उचलून तुझी मानेची नस दबत असेल, आणि गारव्यात ती आणखी आखडते. ताकदीच्या गोळ्या पाठवतेय, रोज एक, जेवणानंतर. रक्त तपासून घे. आजोबांना उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक.

आजोबांबद्दल. झटका आलेल्या माणसाला सगळ्यात वाईट सवय लागते ती प्रयत्न सोडून द्यायची. इथे रोज बघते. कठडा धरायचा कंटाळा करतात, कारण धरला की अंगाला ताण पडतो. म्हणून हे करायचंच. रोज सकाळी बसवायचं, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवायचे आणि चांगल्या हाताने कठडा घट्ट धरायला लावायचा. तोल सांभाळायला शिकले तर उद्या उभे राहतील. आजोबा उभे राहिले तर केंद्राचं नावच निघणार नाही, कळतंय ना?

ते नको म्हणतील. ते तर सगळ्यालाच नको म्हणतात. त्या नकोकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

८ मे

भिंगरे,

गोळ्या पोहोचल्या. लाल आहेत, गिळताना घशात अडकतात, आणि लघवी पिवळीजर्द होते. गुण काही नाही. रक्त तपासून घेतलं, साखर बिखर काही नाही. तपासणारी पोरगी म्हणाली, आजी तुमचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी म्हटलं, तू खात जा काहीतरी.

ऊन असं पडलंय की पुढच्या खोलीत पत्र्याखाली दुपारी मेणबत्ती ठेवली तर वाकते. ह्यांच्या खोलीत मात्र शाल लागते. ह्यांचा चेहरा उतरलाय, पण ताप नाही, दम नाही. डॉक्टर येऊन गेला, खूश झाला. तुझ्या बापाला कळवतो म्हणाला. म्हणजे निम्मा उन्हाळा जिंकला म्हण.

व्यायाम घेते. तू सांगितलास तसाच घेते, पण हे कसले घेऊ देतात! बसवलं, पाय टेकवले की अंग ताठ करतात. कठड्याला हात नेला की मूठ आवळतात. एकेक बोट उलगडून लावावं लागतं. लावलं की ओरडतात, "नको! नको!" मास्तरीणबाई भिंतीपलीकडून विचारतात, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आमचे विद्यार्थी रडताहेत. दोन-चार दिवस असा तमाशा झाला. मग मी टॉवेल घेतला आणि हात कठड्याला सैलसर बांधला. पुसून होईपर्यंतच. तोल जाऊन पडले तर मी एकटी काय करणार? आता ओरडत नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. आजारी माणूस लहान मुलासारखा होतो म्हणतात ते खोटं नाही. लहान मुलासारखंच दुर्लक्ष केलं.

एक गंमत सांगते. तुझ्या डॉक्टरांना विचार, ही कुठली नस. एसीचं पाणी ठिबकून पलंगाखाली थारोळं होतं, त्यात पाय घसरू नये म्हणून मी परवा रबरी चपला घालून ह्यांना पुसलं. तर मुंग्या गायब! आज चपला विसरले, तर मनगटापर्यंत असा झटका बसला की तांब्या हातातून पडला. तुझ्या लाल गोळीपेक्षा माझी चप्पल औषधी निघाली. हॉस्पिटलात सांग, सगळ्यांना चपला वाटा म्हणावं.

आजी

१४ मे

आजी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मास्तरीणबाई तुझ्याकडे येऊन गेलेल्या असतील. तुझं पत्र मी सकाळी नाश्ता करताना वाचलं. चपलेचं वाचलं आणि घास तसाच राहिला. लगेच त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं मी पूजा करतेय. मी ओरडले, पूजा राहू द्या, आधी आजीकडे जाऊन मेन स्विच बंद करा, आजोबांना कुणी हात लावू नका. त्या धावल्या असतील अशी आशा आहे.

आजी, त्या मुंग्या नसेच्या नाहीत. तो करंट आहे. एसीतली वीज बाहेरच्या लोखंडात उतरतेय. पलंग चौकटीला टेकलाय म्हणून पलंगातही उतरतेय. पाय ओले आणि हात लोखंडाला, अशा माणसाच्या अंगातून ती जमिनीत जाते. रबरी चपलेतून जात नाही, म्हणून तुझ्या मुंग्या गेल्या.

आजोबांच्या पायात चपला नव्हत्या.

वायरमन येऊन बघेपर्यंत एसीच काय, दिवाही लावू नकोस. आजोबांना ओल्या चादरीत ठेव. पुढचं लिहवत नाही.

भिंगरी

१९ मे

भिंगरे,

आम्ही जिवंत आहोत, दोघंही. आधी ते वाच आणि मग रड.

मास्तरीणबाई ओल्या केसांनी, अर्ध्या पूजेतून धावत आल्या. मी ह्यांना पुसायला बसवलं होतं. त्यांनी दारातूनच आरोळी दिली, "हात लावू नका!" मला वाटलं ह्यांना साप चावला की काय. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, डबा घुमायचा थांबला, आणि काय सांगू, हे इतका मोठा श्वास घेऊन सैल पडले की मला वाटलं गेले. गेले नव्हते. सुटले होते.

टॉवेल मी सोडला. हाताला काही झालेलं नाही, फक्त बोटांच्या टोकांची कातडी जराशी वाळल्यासारखी झालीय. डॉक्टरने छाती तपासली, कागदावर रेघोट्या काढून बघितल्या, म्हणाला हृदय ठीक आहे, नशीब समजा. ठिबकणारं पाणी आणखी थोडं वाढलं असतं तर तपासायला काही उरलं नसतं, हेही म्हणाला. डॉक्टरला सरळ बोलायला कुणी शिकवत नाही. तुमच्याकडे शिकवतात का?

वायरमन दोनदा बोलावल्यावर आला, तोही जांभया देत. त्याच्याकडे दिवा लागणारा पेचकस असतो ना, टेस्टर, तो. स्विच चालू करून त्याने तो एसीच्या चौकटीला लावला. दिवा लागला. मग पलंगाच्या कठड्याला लावला. लागला. त्याची जांभई तोंडातच राहिली. मी म्हटलं, पुन्हा लावून दाखव. त्याने दाखवलं. मला स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघायचं होतं.

झालं असं. घर बांधलं तेव्हा विजेची जमिनीत जाणारी तार, अर्थिंग म्हणतात ती, नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून ठेवली होती. पाइप जमिनीत, म्हणून तारही जमिनीत. कुठे वीज गळली तर त्या वाटेने निघून जायची. थंडीत पाइप फुटला तेव्हा प्लंबरने लोखंडी काढून प्लास्टिकचा घातला. तारेला वाटच उरली नाही. ती न्हाणीघरामागे हवेत लोंबतेय, त्यावर मी फडकी वाळत घालत होते. आणि एसी बसवताना त्या घाईच्या माणसाने आतली एक वायर चौकटीच्या कडेला चेपून ठेवली, तिचं साल निघालं. वायरमन म्हणतो चूक प्लंबरची. प्लंबर म्हणतो मला काय माहीत पाइपाला वीज बांधतात. एसीवाला फोनच उचलत नाही. तिघांनाही पलंगावर बसवून पाय ओले करावेत असं वाटलं होतं, पण स्विच बंद होता.

ते सगळे राहू देत. बोटं मी उलगडली. एकेक.

तो टॉवेल फरशी पुसायलासुद्धा ठेवला नाही.

सध्या हे पुढच्या खोलीत ओल्या चादरीवर आहेत. दुपारी चादर अंगावरच वाळते. मी आणि मास्तरीणबाई आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालतो. वायरमनने काम काढलंय. जमिनीत नवी तार पुरणार, एसीतली वायर बदलणार, आणि बोर्डावर एक बटण बसवणार, कुठे गळती झाली की ते आपोआप खटकन खाली पडतं. मग एसी लावायला हरकत नाही म्हणतो.

तुझ्या बापाला अजून काही कळलेलं नाही. मास्तरीणबाईंच्या तोंडावर मी हात ठेवलाय. तूही गप्प राहा. काम झालं की सगळं पहिल्यासारखं होईल आणि उन्हाळा निघून जाईल.

आजी

२४ मे

आजी,

मी बाबांना सांगितलं.

तू चिडशील. चिड. ओल्या चादरीवर, पत्र्याखाली, त्या उन्हात आजोबा आहेत हे वाचून मी गप्प बसले आणि त्यात ते पुन्हा बेशुद्ध पडले, तर मी काय तोंड दाखवू? आधीच मी काय करून ठेवलंय ते बघ. पलंग जवळ घे, मी लिहिलं. पाय टेकव, मी लिहिलं. हात कठड्याला लाव, मी लिहिलं. आणि वर हेही लिहिलं की त्यांच्या नकोकडे लक्ष देऊ नकोस. इथे पेशंट नको म्हणाला की आता माझे हात थांबतात. सर रागावले परवा, म्हणाले, असं घाबरून कसं चालेल.

बाबा म्हणाले, बसवणाऱ्याला मीच घाई केली होती, ऑफिसला परत जायचं होतं म्हणून. रविवारी गाडी घेऊन येताहेत. केंद्रात चौकशी केलीय म्हणाले. मी भांडले, पण आजी, भांडताना मलाच माझी पत्रं आठवत होती.

मला माफ कर.

भिंगरी

२ जून

भिंगरे,

रडगाणं पुरे. तू लिहिलंस आणि मी बांधला. दोघींनी वाटून घेऊ आणि कामाला लागू. पेशंटचे हात धरत जा. पण धरण्याआधी ते लोखंड स्वतः धरून बघत जा.

बापाला सांगितलंस त्याचा मला राग आला. मास्तरीणबाईंवर काढला. आता उतरलाय.

वायरमनचं काम शनिवारी संपलं. टेस्टर सगळीकडे लावून बघितला, मीही लावला, कुठेच दिवा लागला नाही. एसी सुरू केला. खोली मस्त गार झाली. ह्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं, तर दारातच चांगल्या हाताने चौकट पकडली. "नको." मी म्हटलं, अहो, दुरुस्त झालंय. नको. पलंग भिंतीपासून लांब घेतला, कठड्याला चादर गुंडाळली. नको. ह्या वेळी मी ऐकलं. परत पुढच्या खोलीत नेलं. पण तिथे रविवारी दुपारी डोळे पांढरे व्हायला लागले. मग पुन्हा आणलं. घाम पुसत दारातच उभी राहिले, आत न्यावं तर भीतीने जातील आणि बाहेर ठेवावं तर उन्हाने.

म्हटलं, आपण करून दाखवू. खुर्ची दारात ठेवली, चपला काढल्या, फरशीवर पाणी ओतलं आणि पलंगावर बसून दोन्ही हातांनी कठडा धरला. म्हटलं, बघा, मला काही होतंय का? तर हा माणूस, ज्याला वर्षभर खुर्चीतून पुढे वाकता येत नव्हतं, तो असा झेपावला की खुर्चीसकट आडवा. पडला तरी सरपटत माझ्या पदराला धरून ओढतोय. "नको! नको! नको!" त्यांना वाटलं मी आता तिथेच संपणार. मी हात सोडला तेव्हा थांबले.

नेमका तुझा बाप तेव्हाच दारात उभा. त्याचा बाप जमिनीवर, आई पाण्यात, आणि एसी घुमतोय. त्याने चपला भिरकावल्या आणि आधी ह्यांना उचलायचं सोडून जाऊन कठडा धरला. किती तरी वेळ धरून उभा राहिला. काही होत नव्हतं, तरी सोडेना. शेवटी मीच म्हटलं, सोड आता, तुला झटका बसणार नाही, वायरमन पैसे घेऊन गेलाय.

मग बसलो तिघं. त्याने केंद्राचा विषय काढायला तोंड उघडलं, मी म्हटलं थांब, आधी मी बोलते. म्हटलं, हा उन्हाळा मी हरले. ह्या खोलीत हे आता कधीच झोपणार नाहीत, आणि दुसऱ्या खोलीत जगणार नाहीत. तेव्हा घर मी सोडते. पण मी घर सोडते तर तू केंद्र सोड. एवढं मोठं घर मी देतेय, तुला नुसतं एक नाव सोडायचंय. तुमच्या फ्लॅटमध्ये एसी भिंतीवर उंच असतो, हात पोहोचत नाही, आणि पलंग लाकडी आहे. मी हॉलमध्ये झोपेन. तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, टाकलं तरी बोलणार नाही. तो म्हणाला, "आई, न बोलता तुला दोन दिवसही जमणार नाही." मी म्हटलं, दोन दिवस तर बघ.

त्याने ह्यांना विचारलं, "बाबा, आमच्याकडे चलता?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नको म्हणाले नाहीत, एवढं खरं.

सामान बांधलंय. पलंग दूधवाल्याला दिला, त्याच्या म्हशींच्या गोठ्यात कडबा ठेवायला. एसी तुझा बाप काढून विकणार म्हणतो. किल्ली मास्तरीणबाईंकडे राहील, त्या रडल्या, मी नाही. मग त्यांच्यापुढे मी कमी पडले, म्हणून थोडं रडले.

आता पत्र तुझ्या बापाच्या पत्त्यावर टाक. वर माझं नाव मोठ्या अक्षरात लिही. तुझ्या आईला दुसऱ्याची पाकिटं उघडायची सवय आहे.

आजी